लांब सुराखाली

उर्वीच्या डाव्या हाताचं मधलं बोट सोलवटलं होतं, तरी सूर काही थरथरेना.

"पुन्हा," असं स्वतःलाच बजावून तिने तार छेडली. शाळेच्या संगीतखोलीत गिटारचा एकच सूर भरून राहिला. सरळ, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा.

"आता?"

"नाही," कानसेन म्हणाला.

कानसेन हा शाळेचा यंत्रमानव. त्याला गाता येत नसे की वाजवता येत नसे, तो फक्त ऐकत असे. उंचीने टेबलाएवढा आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुपाएवढे कान. "तानसेन व्हायला सगळेच धावतात, एखादा तरी कानसेन हवा," असं म्हणून संगीताच्या बाईंनीच त्याचं बारसं केलं होतं.

"तुझी तार सेकंदाला चारशे चाळीस वेळा थरथरते," कानसेन सांगू लागला. "म्हणजे तुझ्या सुराची वारंवारता (एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या) चारशे चाळीस आहे. मूळ गाण्यातल्या लांब सुराचीही तेवढीच आहे. पण गाण्यातला सूर सेकंदाला तीनदा हेलकावतो. मोठा, लहान, मोठा, लहान. तुझा हेलकावत नाही."

"का पण? गिटार तीच आहे, तार तीच आहे!"

"मला माहीत नाही," कानसेन म्हणाला. माहीत नसलं की तो तसं सरळ सांगून टाकी.

ते गाणं होतं 'उभे आहोत'. नव्या कांदळवाडीतल्या लहानथोरांना ते तोंडपाठ होतं. जुनी कांदळवाडी खाली समुद्रकाठी होती. चाळीस वर्षांपूर्वी, २०४१ सालच्या आषाढातल्या अमावास्येला, उधाणाच्या भरतीत समुद्राचा बांध फुटला आणि दोनशे बारा माणसं गेली. उरलेल्यांनी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, नवं गाव वसवलं. अमावास्येच्या त्या दुपारी, बांध फुटायच्या थोडं आधी, गावातल्या 'भरती' नावाच्या बँडने बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात हे गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं.

*पाणी वाढू दे, वारा सुटू दे,*
*उभे आहोत, उभे आहोत आम्ही.*

पुढे ज्या ज्या गावाला पाण्याने उठवलं, त्या त्या गावाने हे गाणं आपलं मानलं. दोन गोष्टींसाठी लोक त्याचं नाव काढत. एक म्हणजे अर्ध्यानंतर अंगात आल्यासारखे धावणारे ड्रम. दुसरी म्हणजे शेवटची अडीच मिनिटं सगळ्या गाण्यावर तरंगणारा गिटारचा तो लांब, थरथरता सूर. नामांकित वादकांनी प्रयत्न करून पाहिले होते, पण ती थरथर कोणालाच जमली नव्हती. येत्या अमावास्येला चाळिसावा स्मृतिदिन होता आणि लांब सूर वाजवायची जबाबदारी उर्वीवर आली होती.

खरं तर उत्तर तिच्या घरातच असायला हवं होतं. ते गाणं मुद्रित केलं होतं तिच्या आजोबांनी, शौनक आजोबांनी. पण घरात कुठेही ते गाणं लागलं की आजोबा उठून बाहेर जात. उर्वीने थरथरीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "यंत्रं जुनी होती गं. असेल काहीतरी दोष." मग तिने विचारलं, "गाण्याचे सुटे ट्रॅक आहेत?" ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याची किंवा आवाजाची स्वतंत्र नोंद. आजोबा म्हणाले, "पाण्यात गेले."

पण ते गेले नव्हते. बँडचा गायक निनाद आदल्या वर्षी वारला. त्याच्या मुलीला कपाटात एक जुनी डिस्क मिळाली आणि तिने ती जिल्ह्याच्या ध्वनिसंग्रहालयाला देऊन टाकली. स्मृतिदिन जवळ आला तशी संग्रहालयाने तिची एक प्रत शाळेला पाठवली. शनिवारी शाळा सुटल्यावर उर्वी आणि कानसेन ती ऐकायला बसले.

"पण तयार गाण्यातूनही तू आवाज वेगळे करतोस ना?" उर्वीने विचारलं. "मग या सुट्या ट्रॅकचं एवढं काय?"

"तयार गाणं म्हणजे शिजलेलं कालवण," कानसेन म्हणाला. "सगळ्या आवाजांच्या लाटा एकमेकींत मिसळून एकच लाट झालेली असते. त्यातून वाद्यं वेगळी काढताना मी अंदाज बांधतो. चिंच किती, खोबरं किती, ते चवीवरून सांगतो, आणि अंदाज चुकू शकतो. सुटे ट्रॅक म्हणजे शिजण्याआधी परातीत मांडून ठेवलेले जिन्नस. तिथे अंदाज करावाच लागत नाही."

आधी त्यांनी निनादचा आवाज ऐकला. मागे काही नव्हतं, नुसता गळा. तयार गाण्यात सिंहासारखा वाटणारा निनाद एकटा ऐकताना धापा टाकत होता. एका ओळीआधी तो चक्क शिंकला होता. मग त्यांनी समूहाचा आवाज लावला. 'उभे आहोत' असं सगळं गाव गर्जतं, तो भाग. त्याचे बारा ट्रॅक निघाले आणि बाराही ट्रॅकमध्ये तीच पाच माणसं होती.

"म्हणजे सगळं गाव गात नव्हतंच?" उर्वी हिरमुसली.

"पाच माणसं बारा वेळा गायली. दर वेळी थोडं मागंपुढं होतं, थोडा सूर इकडेतिकडे होतो. त्या लहान लहान चुकांमुळेच कानाला गर्दी वाटते. अगदी एकसारखं गायले असते तर पाचच माणसं मोठ्याने गाताहेत असं वाटलं असतं."

उर्वीला हसू आलं. चुकांमधून गाव उभं राहतं, हे तिला फार आवडलं.

मग तिने लांब सुराचा ट्रॅक लावला आणि तिचं हसू मावळलं.

सूर थरथरत नव्हता. अगदी तिच्या सुरासारखाच होता, सरळ आणि निर्जीव. तोही सलग नव्हता, सहा तुकडे जोडलेले होते आणि सांधे कळत होते. शिवाय ट्रॅकवरची तारीख डिसेंबरची होती. गाणं मुद्रित झाल्यावर पाच महिन्यांनी कोणीतरी हा सूर मागाहून घातला होता.

"मग थरथर आली कुठून?"

"एकेक जिन्नस घालून बघू," कानसेन म्हणाला.

त्याने लांब सुराबरोबर निनादचा आवाज लावला. थरथर नाही. तो काढून बेस गिटार लावली. नाही. मग समूह लावला. नाहीच. शेवटी त्याने ड्रमचा ट्रॅक लावला.

सूर थरथरू लागला. सेकंदाला तीनदा.

उर्वी पुढे सरकली. "ड्रममुळे? ड्रमला कुठे असला सूर असतो?"

"ड्रमला नाही, पण ड्रमच्या ट्रॅकमध्ये आहे. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की कधी त्यांच्या लाटा एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. त्यातून हेलकावे येतात. त्यांना विस्पंद म्हणतात. एका सेकंदातले हेलकावे म्हणजे दोन सुरांच्या वारंवारतेतला फरक. इथे हेलकावे तीन आहेत. म्हणजे ड्रमच्या ट्रॅकमध्ये चारशे सदतीस किंवा चारशे त्रेचाळीसचा एक सूर लपलेला आहे. बाकी सगळं गाळून तेवढंच ऐकवू?"

उर्वीने मान हलवली.

ढोल गेले, झांजा गेल्या. तळाशी एक बारीक, न थांबणारा आवाज उरला. ऊऊऊऊऊ. उर्वीने तो प्रत्यक्षात कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. दर स्मृतिदिनाला त्याची संग्रहालयातली एक जुनी नोंद अर्धा मिनिट वाजवतात. तो जुन्या बांधावरचा भोंगा होता.

"चारशे सदतीस," कानसेन म्हणाला. "गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाला सुरू होतो आणि शेवटपर्यंत चालतो. अडीच मिनिटं."

"पण गाणं संपल्यावर भोंगा झाला, असं सगळे सांगतात!"

कानसेनने बाकीचे आवाज गाळणं थांबवलं. ट्रॅक पुढे चालू होता. ड्रमवर शेवटचा ठोका पडला. लगेच काठ्या फरशीवर पडल्याचा आवाज आला, मग पळणारी पावलं, मग जड दार. त्यानंतर रिकाम्या खोलीत नुसता भोंगा वाजत राहिला, आणि नोंद तुटली.

*

आजोबा गच्चीवर मिरच्यांची रोपं बांधत होते. उर्वीने काही विचारलं नाही. कानसेनने दिलेली तेवढी नोंद तिने हातातल्या यंत्रावर लावली. आजोबांच्या हातातली सुतळी खाली पडली. ते हळूहळू कट्ट्यावर बसले.

मग म्हणाले, "बर्फाच्या कारखान्याच्या भिंती हातभर जाड होत्या, आत बुचाचा थर. बाहेरचं काही आत येत नसे, म्हणून तर तिथे स्टुडिओ केला होता. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. पण ड्रमच्या खोलीला वर एक झरोका होता. ड्रमचे माइक भलते तिखट होते. त्यांनी भोंगा पकडला आणि माझ्या कानात आणून सोडला."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"त्या महिन्यात तीनदा भोंगा झाला होता, उर्वे. तिन्ही वेळा खोटा. आणि पोरं अशी वाजवत होती, अशी कधी वाजवली नव्हती. मी म्हटलं, असेल नेहमीसारखाच. अडीच मिनिटं. एवढं होऊ दे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "संपल्याबरोबर मी खूण करायला काचेपाशी गेलो. मृण्मयी तोवर पळत सुटली होती. माझा चेहरा बघून तिला कळलं असणार."

मृण्मयी तांडेल म्हणजे ड्रम वाजवणारी. तिचा धाकटा भाऊ विहान नऊ वर्षांचा होता. तापाने फणफणून तो खालच्या आळीतल्या घरी एकटाच झोपला होता. ती आळीच्या तोंडाशी पोचली तेव्हा आळीत पाणी शिरलं होतं. विहान दोन दिवसांनी सापडला. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अडीच मिनिटांचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आणि तो लांब सूर?" उर्वीने विचारलं.

"पाच महिन्यांनी लोक म्हणाले, गाणं बाहेर काढ, गेलेल्यांची आठवण आहे. पुन्हा वाजवायला मृण्मयी तयार नव्हती. ड्रमचा ट्रॅक घ्यायचा तर त्यात भोंगा होता. मिक्सर चालू असताना आई हाक मारते ती तुला ऐकू येते का?"

"नाही."

"पण दारावरची घंटा येते. का? आपल्या कानात आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात एक लांब पडदा असतो. उंच सूर पडद्याचं एक टोक हलवतात, खालचे सूर दुसरं. घंटेचा सूर वेगळ्या जागी धक्का देतो, म्हणून तो मिक्सरमधूनही कळतो. पण दोन सूर अगदी जवळचे असले तर दोघंही पडद्याची एकच जागा हलवतात. मग जो मोठा असेल तो लहानाला झाकून टाकतो. त्याला आच्छादन म्हणतात. मी भोंग्याच्या अगदी शेजारचा सूर शोधला आणि गिटारवर तो मोठ्याने वाजवून भोंग्यावर पांघरला."

"यंत्राने भोंगा पुसता आला नसता?"

"आला असता. तीन वेळा पुसायला बसलो. पण पुसायला हात धजला नाही. तो पुसला तर ते घडलंच नाही असं झालं असतं. म्हणून लपवला." ते कडवट हसले. "आणि जग म्हणतं, काय सूर लावलाय!"

उर्वीला आजोबांचा राग आला होता, आणि त्यांचा हात धरावासाही वाटत होता. तिने हात धरला नाही. ती एवढंच म्हणाली, "मृण्मयीआजीला सांगायला हवं."

"हो," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली सांगायला हवं होतं."

*

मृण्मयी तांडेल नव्या गावाच्या पाणी उपसा केंद्रावर, सड्याखाली समुद्राच्या नव्या बांधाआड, पंप सांभाळत असे. त्रेसष्ट वर्षांची, ताठ कण्याची बाई. दारात आजोबांना बघून तिने आधी पंप बंद केले, मग हात पुसले.

"शौनक? वाट चुकलास की काय?"

आजोबांनी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग उर्वीने ड्रमचा ट्रॅक लावला. मृण्मयीने डोळे मिटले. भोंगा सुरू झाला तशी तिची बोटं मांडीवर ठोके देऊ लागली. शेवटच्या पावलांपर्यंत तिने सगळं ऐकलं.

"पोरी, माझा वेग किती होता?" तिने विचारलं.

उर्वी गोंधळली. कानसेनने काढलेला आलेख तिच्याजवळ होता. "आधी मिनिटाला एकशे अठरा ठोके. भोंगा सुरू झाल्यावर वाढत वाढत एकशे एकतीस."

"बघ. म्हणजे मला भास झाला नव्हता." मृण्मयी खाली बसली. "झरोका माझ्याच डोक्यावर होता, शौनक. मला भोंगा ऐकू आला होता. मीही म्हटलं, खोटाच असेल. पण हात ऐकेनात. लवकर संपवावं म्हणून पळत होते. लोकांना वाटलं, अंगात आलंय."

आजोबा तिच्यासमोर खाली बसले.

"पुढे मी हे डॉक्टरला सांगितलं, आईला सांगितलं. सगळे म्हणाले, गाण्यात भोंगा नाही, तू दुःखाने मनचं रचते आहेस. मी ते गाणं हजारदा ऐकलं असेल. भोंगा शोधत होते. सापडला नाही. मला वाटलं, मी वेडी झाले." तिचा आवाज मुळीच चढला नाही. "तू थांबलास, मीही थांबले. त्याचा हिशेब आपण दोघं मरेपर्यंत करू. पण तू तो झाकलास, शौनक. माझ्या खरेपणाचा तेवढाच एक पुरावा होता. त्याची माफी मी देणार नाही."

"मागायला आलो नाही," आजोबा म्हणाले.

"अडीच मिनिटं आधी निघाला असतात तर विहान वाचला असता?" न राहवून उर्वीने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

मृण्मयीने तिच्याकडे पाहिलं. "वाचला असता, किंवा आम्ही दोघंही गेलो असतो. हे कोणतंच यंत्र सांगू शकणार नाही, बाळ." मग ती उठली. "गाणं वाजवा त्या दिवशी. पण शौनक, तुझा तो लांब सूर काढून टाक."

*

अमावास्येला दुपारी सड्यावरच्या मंडपात सगळं गाव जमलं. उर्वीने गिटार पिशवीतून काढलीच नाही. मूळ गाणं लागलं. लांब सूर जिथे सुरू व्हायचा, तिथे तो आला नाही. त्याच्या जागी, धावणाऱ्या ड्रमच्या तळातून, भोंगा वर आला.

आधी कोणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि सड्यावरून आणखी वर जाणाऱ्या वाटेकडे चालू लागला. त्याच्यामागून एक बाई उठली, मग आणखी चौघं. चाळीस वर्षांपूर्वीचे पाय आपोआप निघाले होते. मुलांनी त्यांना धरून परत बसवलं. गाणं संपल्यावर टाळी वाजली नाही. आजोबा मंचावर गेले आणि मृण्मयीला जे सांगितलं होतं तेच त्यांनी गावाला सांगितलं. काही लोक ऐकता ऐकता निघून गेले. काही नंतर कित्येक महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. आजोबांनी कोणाबद्दल तक्रार केली नाही.

उर्वीच्या डोक्यात मात्र मृण्मयीआजीचं एक वाक्य घोळत होतं. मंडपातून परतताना ती सहज म्हणाली होती, "नव्या बांधाच्या भोंग्याची दर महिन्याला चाचणी होते म्हणे. पंप चालू असले की मला तर कधीच ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी उर्वी कानसेनला घेऊन पंपघरात गेली. कानसेनने मोजून सांगितलं की नवा भोंगाही एकाच सुराचा आहे आणि पंपाच्या घरघरीतला एक सूर नेमका त्याच्या शेजारी बसतो. तेच आच्छादन. इथे मात्र ते कोणी मुद्दाम घातलं नव्हतं, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

चार महिने उर्वीचा वर्ग याच कामाला लागला होता. त्यांनी गावातले गोंगाट गोळा केले. पिठाची गिरणी, बर्फयंत्र, हेडफोनमधली गाणी, पावसात वाजणारा पत्रा. मग आजोबांनी त्यांना शिकवलं की भोंग्याला एक सूर नको, दूर दूर बसणारे तीन सूर हवेत, म्हणजे पडद्याच्या तीन जागा हलतील आणि एखादी झाकली तरी दोन उरतील. सूर चढते-उतरते हवेत, म्हणजे कोणी त्यांच्या शेजारी फार वेळ बसू शकणार नाही. मध्ये रिकाम्या जागा हव्यात, कारण सवयीचा आवाज मेंदू विसरतो, तुटणारा विसरत नाही. आणि चाचणीचा भोंगा खऱ्यापेक्षा वेगळा हवा, म्हणजे खरा झाला की कोणी 'असेल खोटा' म्हणणार नाही. नवा बांध सांभाळणाऱ्या मंडळाने दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी मृण्मयी तांडेल मुलांबरोबर गेली.

माघात मुलांच्या भोंग्याची पहिली चाचणी झाली. उर्वी पंपघराच्या दारात उभी होती. आत सगळेच्या सगळे पंप चालू होते. जमीन हादरत होती आणि मृण्मयी पाठमोरी उभी राहून एका झडपेचं चाक फिरवत होती. चाचणीची वेळ तिला कोणी सांगितली नव्हती.

दूर बांधावरून तीन सूर उठले, चढले, तुटले, पुन्हा उठले.

मृण्मयीचा हात चाकावर थांबला. तिने मान वर केली आणि वळून दाराकडे पाहिलं. ती इतकी झटकन वळली की तिच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं.